धुतलेली लाकडे

"आधी नळ तापू द्या, मग पोट भरा. आणि निजताना हिचं तोंड दाबून निजू नका. आतल्या आत धुमसत बसते आणि सगळ्यांना छळते."

ज्या मिस्त्रीने मला पहिल्यांदा भिंतीपाशी उभे केले, त्याचे हे शब्द. तो हे एका न्हाव्याला सांगत होता आणि न्हावी मान डोलावत होता. मित्रांनो, मान डोलावणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतो. पण हे मला तेव्हा कळत नव्हते. मी नवी होते.

मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. स्वयंपाकाची नव्हे, खोली उबदार ठेवणारी. मला चार आखूड पाय आहेत, पुढे एक छोटे दार आहे, खाली राखेचा खण आणि डोक्यावर धूर बाहेर नेणारा पत्र्याचा नळ. नळाच्या मानेत एक झडप आहे. ती फिरवली की आतली हवा कमीजास्त होते. झाले, एवढीच माझी शरीररचना. माणसाच्या मानाने किती सोपी, तरी माणसाला ती नीट चालवता येत नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. मोडके पंप, तडकलेले तवे, एका पाडलेल्या पुलाचे कठडे असे सगळे वितळवून त्याचा रस वाळूच्या साच्यात ओतला आणि तो निवल्यावर मी झाले. माझ्या दारावर नाजूक वेलबुट्टी उठली होती. मुकादमाने मला काळा रंग चोळून चकचकीत केले आणि तो म्हणाला, "हिला काही होत नाही. माणसं मरतील, ही राहील." ते खरे झाले. त्याने ते कौतुकाने म्हटले होते आणि मीही तेव्हा ते कौतुक म्हणूनच घेतले.

न्हाव्याचे दुकान चढावरच्या एका गल्लीत होते. थंडी पडली की गिऱ्हाईक दाढीपेक्षा माझ्याचसाठी जास्त यायचे. बाकावर दाटीवाटीने बसायचे, बूट माझ्याकडे करायचे, आणि हवेला नावे ठेवायला लागायचे.

"काय हवा झालीय हो. घसा धरला माझा," ट्रकवाला म्हणायचा. "त्या पाववाल्याची भट्टी. पहाटेपासून ओकत असते."

पाववाला गालांना साबण लावून खुर्चीत बसलेला असायचा. तो साबणातूनच म्हणायचा, "माझी भट्टी काय आज लागली? तुझा ट्रक चढावर काय सोडतो ते बघ आधी. बायको म्हणते, वाळत घातलेलं पांढरं आत आणेपर्यंत राखाडी होतं."

"तुम्ही दोघंही गप्प बसा," शाळेचे मास्तर म्हणायचे. "हे सगळं गॅरेजवाल्याचं काम आहे. तेलाच्या चिंध्या जाळतो तो."

गॅरेजवाला तेव्हा तिथे नसायचा. तो यायचा तेव्हा मास्तर नसायचे, आणि मग सगळा दोष शाळेच्या आवारात रोज जळणाऱ्या पाल्याचा निघायचा. असे हे चाललेले असताना न्हावी खाली पडलेले केस झाडूने गोळा करायचा, माझे दार उघडायचा आणि केस आत लोटायचा. त्यांचा जो वास सुटायचा तो मी तुम्हाला सांगत बसत नाही. सगळे नाक दाबायचे. आणि ट्रकवाला विजयी मुद्रेने म्हणायचा, "बघा, आला का पाववाल्याचा वास?"

त्या बाकावर बसून कोणीही कधी माझ्याकडे बोट दाखवले नाही. मी त्यांच्या पायांपुढे होते, म्हणजे त्यांचीच होते, आणि आपले ते कधी वास मारते का? तेव्हापासून मी माणसांकडून फार अपेक्षा ठेवली नाही. मी त्यांच्यावर रागही धरला नाही. राग बरोबरीच्यावर धरायचा असतो.

तुम्ही विचाराल, एका जागी उभ्या असलेल्या शेगडीला गावातले काय कळणार? कळते, मित्रांनो. धुरामुळे कळते. उन्हाळ्यात धूर वर जातो आणि विरतो, त्याची माझी पुन्हा गाठ नाही. हिवाळ्यात जमीन गार पडते. तिच्यालगतची हवाही गार आणि जड होऊन तिथेच बसून राहते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असतो. मग घराघरांतून निघालेला धूर त्या झाकणाखाली गल्लीतच घोटाळतो, एकमेकांत मिसळतो आणि पहाटे माझ्या नळातून परत आत डोकावतो. त्याने काय खाल्ले आहे ते मला वासावरून कळते.

पाववाल्याच्या धुराला तेलरंगाचा वास असतो, कारण तो पाडलेल्या इमारतींची दारे आणून भट्टीत घालतो. गोदामाचा राखणदार टायरचे तुकडे जाळून हात शेकतो. हॉटेलाचा डिझेलवर चालणारा जनरेटर वीज गेली की खोकत उठतो. आणि टेकडीवरच्या डॉक्टरांच्या घरचा धूर. त्या घरात विजेने प्रत्येक खोली गरम होते, तरी दिवाणखान्यात ते ओंडके जाळतात, कारण पाहुण्यांना ज्वाळा बघायला आवडतात. त्यांचा धूर सुवासिक असतो. छातीला मात्र सुवास आणि दुर्गंध यातले काही कळत नाही.

न्हाव्याने पुढे विजेचा हीटर घेतला आणि मला मागच्या अंगणात नेऊन टाकले. कुठे मुकादमाचे ते शब्द आणि कुठे ते अंगण. माझ्या वेलबुट्टीवर गंज चढला. एका मांजरीने माझ्या राखेच्या खणात पिल्ले घातली आणि ती मोठी होईपर्यंत तिने मला अत्यंत नीट वापरले. तिच्यासारखे मला दुसऱ्या कोणीही वापरलेले नाही.

मग त्याच गल्लीतल्या एका दुमजली घरात माझी रवानगी झाली. घर दोन भावांचे होते. थोरला खाली राहायचा, धाकटा वर. मला खाली बसवले. आता नळ कुठून न्यायचा हा प्रश्न आला.

"दादा, छपराच्या वर काढ," धाकटा म्हणाला. "नळ थोडा लांब लागेल, पण धूर मोकळा सुटेल."

"कशाला उगाच पसारा? धूर काय, आपोआप वर जातो."

आणि थोरल्याने भिंतीला भोक पाडून नळ बाहेर काढला आणि तिथेच सोडून दिला. धूर वर जातो हे त्याचे म्हणणे बरोबर होते. वर आपला भाऊ राहतो, एवढेच त्या घटकेला त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या नळाचे तोंड बरोबर वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली आले.

त्या नळावरून दोघा भावांचे बोलणे तुटले. एकाच जिन्यावरून जा-ये करताना ते एकमेकांकडे न बघता जात. नळ छपरापर्यंत वाढवायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या कितीतरी पट वेळ त्यांनी न बोलण्यात घालवला. पुढे एकामागून एक दोघेही गेले. दोघांच्याही छातीचे काहीतरी होते. त्यात माझा वाटा किती, हे कोणी विचारले नाही.

घरात दोन जावा राहिल्या. खाली थोरली, वर धाकटी. त्यांच्यात भांडण नव्हते. धाकटी रोज दुपारी खाली येऊन माझ्यापाशी बसायची, दोघी भाजी निवडायच्या, शेजाऱ्यांचा समाचार घ्यायच्या. थोरलीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता.

थोरली मोठी नेमाची बाई. नवरा गेल्यापासून तिने एक नेम धरला होता. सूर्य उगवायच्या आत उठायचे, अंघोळ करायची, मला पेटवायचे आणि माझ्यासमोर बसून देवाचे नाव घ्यायचे. तापाने फणफणली असतानाही तिने हा नेम चुकवला नाही. आणि नेम तो काय साधा? अग्नीत घाण जाऊ नये म्हणून ती जळणाची लाकडे धुऊन घ्यायची. होय मित्रांनो, तुम्ही बरोबर ऐकलेत. अंगणातल्या पाण्याच्या नळाखाली एकेक लाकूड धरायची, काथ्याने घासायची, पालथे-उताणे करून विसळायची आणि माझ्याशेजारी रचून ठेवायची. मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण इतका स्वच्छ मूर्खपणा कुठे पाहिला नाही.

वखारवाला लाकडे टाकायला यायचा तेव्हा त्याला हे बघवत नसे.

"आजी, मी उन्हाळे घालवून हे वाळवतो. तुम्ही एका बादलीत माझी सगळी मेहनत धुऊन टाकता."

"तुझ्या वखारीत लाकडांवर कुत्री निजतात. मी बघितलंय."

"निजतात. कोरड्यावरच निजतात. कुत्र्याला अक्कल असते."

"आणि मुंग्या? त्या जिवंत जाळू का मी?"

"मग नुसतं आपटून घ्या ना लाकूड. मुंगी पळून जाईल. तुम्ही तिला बुडवून मारता, वर लाकूडही मारता."

"तुला नाही कळायचं ते. चहा घे आणि नीघ."

वखारवाला चहा घ्यायचा आणि निघायचा. त्याला कळत होते, पण त्याचाही स्वार्थ होता. ओले लाकूड जास्त लागते. त्यामुळे तो फार वेळ समजावत बसत नसे.

ओले लाकूड माझ्या पोटात गेल्यावर काय होते ते ऐका. आधी त्यातले पाणी उकळते, आणि सगळी आच त्यातच संपते. मग लाकूड जळत नाही, नुसते धुमसते. नळ तापत नाही. धूर जड होतो, पिवळट होतो, नळाच्या आत डांबरासारखा राप धरतो, आणि बाहेर पडला की वर चढायची ताकद नसल्यामुळे पहिल्या खिडकीत शिरतो. खोली काही गरम होईना, म्हणून थोरली आणखी काहीबाही घालायची. वर्तमानपत्रे, फाटके पायपुसणे, औषधांची वेष्टणे, मोडक्या खुर्चीचा रंगवलेला पाय. लाकडे धुणाऱ्या बाईला रंगवलेला पाय चालत होता, कारण तो पुसला की स्वच्छ दिसायचा. शेवटी निखारा टिकावा म्हणून ती माझी झडप घट्ट लावायची, डोळे मिटायची, आणि सगळ्यांत आधी धाकटीचे नाव घेऊन देवाला म्हणायची, "तिच्या छातीला आराम पडू दे."

प्रार्थना आणि धूर एकाच वेळी वर जात. धूर आधी पोहोचायचा.

या हिवाळ्यात धाकटीचा खोकला हटेना. ती काठी टेकत खाली यायची, प्रत्येक पायरीवर थांबायची. टेकडीवरच्या त्याच डॉक्टरांनी तिची छाती तपासली.

मधल्या काळात गल्लीत हवा मोजणारे आले. त्यांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर एक यंत्र उभे केले आणि त्याच्याभोवती हात चोळत उभे राहिले. थंडी फार होती. तेव्हा त्यांनी ज्या खोक्यातून यंत्र आले होते तेच फोडून यंत्राच्या पायाशी जाळले. यंत्रातला आकडा चढू लागला तसे ते एकमेकांना दाखवू लागले. "बघ, बघ, काय भयानक गल्ली आहे." थोरलीने त्यांना चहा नेऊन दिला आणि परत येऊन जिन्याखालून धाकटीला ओरडून सांगितले, "ऐकलंस का गं, मोठी माणसं आली होती. गल्लीतच खराबी आहे म्हणाली. आपल्या शेगडीचं कोणी नावसुद्धा नाही काढलं." वरून नुसता खोकला आला.

त्यानंतर एका दुपारी धाकटी खाली आली. बराच वेळ दम खात बसली. मग म्हणाली, "ताई, लेकीचा फोन होता. उद्या सकाळी गाडी घेऊन येतेय."

"येऊ दे की. राहील चार दिवस."

"राहायला नाही येत. मला न्यायला येतेय."

थोरली सुपारी कातरत होती. हात थांबला. "कुठे न्यायला?"

"तिच्या गावी. डॉक्टर म्हणाले, हिवाळा इथे काढायचा नाही."

"मग हिवाळा सरला की येशील."

"या वयात गेलेलं माणूस सामान न्यायला परत येतं, ताई. राहायला नाही येत."

थोरलीने अडकित्ता खाली ठेवला. तिच्याशी दिवसातून एकदा धड बोलणारे एकच माणूस या घरात उरले होते आणि ते निघाले होते. माणसे अशा वेळी काय करतात ते मला ठाऊक आहे. ती दुसऱ्याला दोष देतात.

"त्या मेल्या ट्रकांनी वाट लावली," थोरली म्हणाली. "आणि तो पाववाला. मी तर रोज सगळ्यांत आधी तुझं नाव घेते देवापाशी."

"माहितीय. कधी घेता तेही माहितीय. त्याच वेळी मला पहिली ढास लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. संत्री गोड होती का?"

"कुठली संत्री?"

"ज्यांची सालं आज पहाटे शेगडीत घातलीत ती."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. सालांचा वास छान येतो म्हणून तिने खरेच ती वाळवून माझ्यात टाकली होती. "तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगायला येतंय वर? माझ्या उशीला वास होता. काल छत्रीचं कापड जाळलंत. त्याच्या आधी काहीतरी चपलेसारखं होतं."

"चप्पलच होती," थोरली नकळत बोलून गेली. "तुटली होती."

"तुमच्या घरात काय फाटलं, काय तुटलं, ते मला झोपेत कळतं. विचारावं लागत नाही."

"अगं, पण तो ट्रकांचा धूर…"

"ट्रक संत्री खातो का, ताई?"

मी आयुष्यभर माणसांचे बोलणे ऐकले, पण इतका सरळ प्रश्न कोणी कोणाला विचारलेला ऐकला नव्हता. न्हाव्याच्या दुकानात एकाने जरी असा प्रश्न विचारला असता तर बाक रिकामा झाला असता.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस मग?" थोरलीने विचारले.

"या नळावरून दोघा भावांचं काय झालं ते बघितलं होतं ना मी. म्हटलं, त्यापेक्षा धूर परवडला."

"मी लाकडं धुऊन घालते गं. एक कण घाण जाऊ देत नाही आत."

"म्हणून तर धूर होतो. ओलं लाकूड कुठे धड जळलंय?"

"अग्नीत घाण कशी घालायची? नेम आहे माझा."

"नेम देवाशी आहे ना? मग देव खोकतो का? खोकते मी."

थोरलीने माझे दार उघडले, आत बघितले, पुन्हा लावले. तिथे काहीच बघण्यासारखे नव्हते. सकाळची लाकडे अर्धी काळी होऊन तशीच पडली होती. मग ती माझ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "जाऊ नकोस."

"हे काय बोलणं झालं?"

"नाही पेटवणार मी ही. उद्यापासून नाही."

"आणि गारठून मराल. मग लोक म्हणतील धाकटीने मारलं."

"तुझ्याकडे आहे ना ती विजेच्या तारांची शेगडी. तिच्यापाशी येऊन बसेन. देवाचं नावही तिथेच घेईन."

"तुम्ही? जिना चढून?"

"जिना काय खातोय का मला?"

"गुडघे खातात, तुम्हीच सांगता रोज."

"येईन म्हटलं ना. पहाटेच येईन. सूर्य उगवायच्या आत."

धाकटीने काठी हातात घेतली. "बघू. उद्या पहाटे माझ्या खिडकीत धूर आला, तर मी एक शब्द बोलणार नाही. पिशवी उचलीन आणि गाडीत बसेन. नाही आला, तर लेकीला चहा पाजून परत पाठवीन. डॉक्टरला काय सांगायचं ते मी बघते."

"शब्द दिलाय मी."

"तुमचा शब्द मोठा आहे, ताई. पण तुमचा नेम त्याहून जुना आहे." एवढे बोलून ती एकेक पायरी चढत वर गेली.

धाकटी मला आवडते असे समजू नका. तिच्या त्या तारांच्या शेगडीचेही मला काही कौतुक नाही. तिला धूर येत नाही म्हणतात. तिचा धूर कुठल्या तरी दूरच्या गावी, कोळसा जाळणाऱ्या उंच चिमणीतून निघतो आणि तिथल्या कोणाच्या तरी उशीला लागतो. माणसे धूर थांबवत नाहीत, नजरेआड करतात. पण धाकटी खरे बोलली, आणि खरे बोलणारे माणूस मी फार वेळा पाहिलेले नाही.

संध्याकाळी काय झाले ते ऐका, म्हणजे मी माणसांना का हसते ते तुम्हाला कळेल. थोरली नेहमीच्या वेळी उठली, अंगणात गेली, नळ सोडला आणि उद्याची लाकडे धुवायला बसली. एकेक घासले, विसळले, निथळवले. शब्द दिल्याला एक दिवसही उलटला नव्हता. नळाचे पाणी बादलीत पडल्याचा आवाज वरपर्यंत गेला असणार. वरची खिडकी लावल्याचा आवाज मला ऐकू आला. धाकटीने पुन्हा ती उघडली नाही.

थोरलीने लाकडे माझ्याशेजारी रचली, ओले हात पदराला पुसले, आणि तशीच उभी राहिली. आपण काय केले ते तिला तेव्हा कळले असावे. कळले असेल तर त्याचे तिने काही केले नाही. ती निजायला गेली.

म्हणून पहाटे ती अंघोळ करून माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा ती मला पेटवणार याची मला खात्री होती. काचेवर बर्फाची जाळी धरली होती. गल्लीत सगळ्यांचे धूर झाकणाखाली जमू लागले होते. तेलरंगाचा आला, टायरचा आला, टेकडीवरचा सुवासिकही आला. माझाच काय तो राहिला होता. थोरलीने माझे दार उघडले. एक ओले लाकूड आत ठेवले. त्याच्यावर दुसरे. मग काडेपेटी हातात घेतली आणि ती तशीच मांडीवर धरून बसून राहिली. तिचे दात वाजत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकीकत संपवताना तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मी तसले काही मागत नाही. ज्याच्याकडे दुसरी ऊब नाही, त्याने मला खुशाल पेटवावे. फक्त कोरडे घालावे, नळ छपराच्या वर न्यावा आणि झडप थोडी उघडी ठेवावी. त्याला माझ्याकडून कधी बोल लागणार नाही. पण ज्याला मी नुसती सवय म्हणून हवी आहे, शोभा म्हणून हवी आहे, किंवा पुण्य म्हणून हवी आहे, त्याने मला गार राहू द्यावे. मी गंजले तरी चालेल. आणि हवा बिघडली म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा वरच्या मजल्यावर जाऊन तिथल्या उशीचा वास घेऊन बघावा. तुम्ही हे ऐकाल असे मला वाटत नाही. तुम्ही मान डोलावता आहात.

थोरलीनेही ऐकले नसेल. तिला माझे बोलणे ऐकू येत नाही. पण बाहेर कुठेतरी गाडी वळल्याचा आवाज आला, तशी तिने काडेपेटी खाली ठेवली. आतली लाकडे एकेक करून बाहेर काढली. माझे दार लावले. मग पायांत दोन मोजे घातले, एकावर एक, अंगावर शाल घेतली, जपमाळ शालीत धरली आणि माझ्याकडे पाठ करून उठली. उठताना गुडघा वाजला. ती "आई गं" म्हणाली, पण थांबली नाही.

हिवाळा अजून लांब आहे आणि माणसांची जात मला ठाऊक आहे. उद्याचे मी काही सांगत नाही.

दार लोटले गेले. बाहेर जिन्याच्या कठड्यावर हात पडला. मग एक पायरी. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी.